संकल्प कोणाच्या गोत्रानं?

पोलिसांत आयुष्य काढलेल्या माणसाला लोक खुनाच्या आणि दरोड्याच्या गोष्टी विचारतात. मी सांगतोही. पण माझ्या मनातून जी केस इतक्या वर्षांत हललेली नाही, तिच्यात ना रक्त होतं, ना फोडलेलं कुलूप. इस्पितळाच्या कपाटातून औषधाच्या काही गोळ्या नाहीशा झाल्या, एवढीच फिर्याद होती.

आधी माझ्याबद्दल थोडं. आम्ही तंजावरचे. पूर्वज कधीकाळी मराठी राजांबरोबर दक्षिणेत गेले आणि तिथलेच झाले. आमच्या घरातलं मराठी इकडच्या लोकांना बखरीतलं वाटतं, आणि त्यात मध्येमध्ये तमिळ शब्द डोकावतात. माझी सून पुण्याची. हे लिखाण तीच तपासते आणि "बाबा, असं कुणी म्हणत नाही हो आता" म्हणून हसते. तिच्या तावडीतून जे सुटलं ते तुमच्यापुढे ठेवतो. नाव मात्र मी कुणाचंच देणार नाही.

एकोणीसशे साठच्या दशकाची सुरुवात होती. मद्रास शहरात, विद्यापीठाच्या एका मोठ्या इस्पितळाजवळच्या ठाण्यावर मी इन्स्पेक्टर होतो. नवरात्र तोंडावर आलेलं. सकाळची हजेरी चालली होती. रात्रपाळीच्या शिपायांनी लाठ्या जमा केल्या होत्या, आणि रायटर, म्हणजे ठाण्याचं सगळं लिहिणं ज्याच्या गळ्यात असतं तो हवालदार, फिर्यादींसाठी पेन झटकत बसला होता. तेवढ्यात फाटकात काळी मोटार थांबली आणि त्या इस्पितळातले वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक आत आले. मी ताडकन उभा राहिलो.

हे प्राध्यापकही आमच्याच तंजावरी मराठी समाजातले. समाजाला त्यांचा केवढा अभिमान! लग्न असो की सभा, पहिली खुर्ची त्यांची. आणि माणूस उगाच मोठा झालेला नव्हता. माझ्या वडिलांचा दमा त्यांनी एक पैसाही न घेता आटोक्यात आणला होता. मी त्यांना माझी खुर्ची दिली आणि स्वतः समोर बसलो.

"राव, मज लाज वाटते सांगायला," ते आमच्या मराठीत म्हणाले. "माझ्याच हाताखालच्या मुलीनं चोरी केली."

हकिगत अशी होती. संधिवातावर एक नवी गोळी निघाली होती. विद्यापीठाच्या परवानगीनं बायकांच्या वॉर्डात तिची चाचणी चालू होती आणि चाचणीचे प्रमुख हे स्वतः होते. गोळ्यांच्या कपाटाची किल्ली त्यांच्या सहायक लेडी डॉक्टरकडे असे. कपाट रिकामं सापडलं. ती गोळ्या बाहेर विकत असणार, असा त्यांचा संशय होता.

"गोळ्यांचे मालक कोण?" मी विचारलं. चोरीच्या फिर्यादीत माल कोणाचा हे लिहावंच लागतं.

"वेलचेरीस एक लहान कारखाना आहे. एका निवृत्त शाळामास्तरांचा. ते चाचणीसाठी फुकट देतात."

"तुमचा त्यांच्याशी काही संबंध?"

"मी शास्त्राचा माणूस, राव. दुकानदार नव्हे. संबंध काय असायचा?"

रायटरनं तसं लिहून घेतलं आणि त्यांनी सही केली. मोटार गेल्यावर मी बराच वेळ फाटकाकडे बघत बसलो. इतक्या वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट मी पाहिली होती. मोठी माणसं लहान चोरीसाठी स्वतः ठाण्याची पायरी चढत नाहीत, कारकून पाठवतात. हे स्वतः आले होते, आणि दोनदा म्हणाले होते की अटक आजच झाली तर बरं.

पहिली खबर मिळाली ती आमच्याच खात्यातल्या माणसाकडून. मोठ्या इस्पितळात पोलिसांची एक चौकी असते. अपघातातले, भाजलेले, मारामारीतले लोक येतात, त्यांचे जबाब घ्यायला तिथे शिपाई बसवलेला असतो. त्या शिपायाला मी बोलावून घेतलं आणि लेडी डॉक्टर कशी आहे ते विचारलं. त्यानं आधी दाराकडे पाहिलं. मग तमिळमध्ये म्हणाला, "अय्या," म्हणजे साहेब, "डॉक्टरम्मांचं मला माहीत नाही. पण मी फाटकापाशी बसतो. इस्पितळातून माणूस बरा होऊन जातो, नाहीतर पांढऱ्या कापडात जातो. त्या वॉर्डातल्या बायका पिवळ्या होऊन जातात."

"म्हणजे?"

"डोळे पिवळे, अय्या. कावीळ. आणि आजारी असतानाच घरी पाठवतात. रिक्षात बसवायला दोन माणसं लागतात."

मी वॉर्डात गेलो. लेडी डॉक्टर ही तिशीच्या आतली, बारीक चणीची तमिळ बाई. खादीची साडी, गळ्यात स्टेथोस्कोप, आणि बोलण्यात कुठेही लाडीगोडी नाही. मला बघून ती घाबरली नाही. उलट जणू माझी वाटच बघत होती.

"गोळ्या मी घेतल्या," ती म्हणाली. "हात धुवायच्या बेसिनमध्ये विरघळवून ओतल्या. लिहून घ्या."

"विकल्या नाहीत?"

"विकायच्या असत्या तर तुम्हाला कळलं असतं का, इन्स्पेक्टर सार?"

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. कबुली इतक्या सहज मिळाली की पोलीस सावध होतो. मी विचारलं, का ओतल्या? तिनं मला एका खाटेपाशी नेलं. खाटेवर मैलापूरच्या देवळापाशी फुलांचे गजरे विकणारी एक बाई होती. संधिवातानं बोटं आखडली, गजरा गुंफता येईना, म्हणून ती चाचणीत आली होती. डॉक्टरनं तिला उठवून खिडकीशी नेलं, तोंड उजेडाकडे करायला सांगितलं आणि खालची पापणी बोटानं ओढली. डोळ्याचा पांढरा भाग हळदीसारखा झाला होता.

"दिव्याच्या उजेडात कावीळ ओळखू येत नाही," डॉक्टर म्हणाली. "दिवसाउजेडी बघावं लागतं. म्हणून मी रोज एकेकीला खिडकीशी आणते. ही गोळी दुखणं थांबवते, पण काहींचं यकृत खाते. मी सरांना पुन्हा पुन्हा सांगितलं, आधी गोळी थांबवू या. ते म्हणाले, या गरीब बायका वाटेल तिथलं पाणी पितात, मद्रासमध्ये कावीळ काय नवी आहे? आणि पिवळी पडलेली बाई घरी पाठवून द्यायची. मग ती चाचणीत धरायचीच नाही."

फुलवालीनं आमचं बोलणं ऐकलं आणि ती माझ्यावरच उखडली. "पोलीस अय्या, माझी गोळी या बाईनं टाकली. माझी बोटं हलायला लागली होती!" तिनं मला बोटं हलवून दाखवली. डॉक्टर मात्र तिच्या खांद्यावर हात ठेवून शांत उभी होती. ही बाई जगावी म्हणून आपण नोकरी आणि अब्रू पणाला लावली, आणि हिच्या लेखी चोर आपणच, हे तिनं पचवलेलं दिसत होतं.

आता माझ्यापुढे पेच पडला. मद्रासमध्ये कावीळ नवी नव्हती हे खरंच होतं. एका बाजूला नामवंत प्राध्यापकाचा शब्द, दुसऱ्या बाजूला गोळ्या ओतल्याची कबुली देणारी सहायक. आरोपपत्र कोर्टात गेलं की तिची डॉक्टरकी संपली. कपाटात नवा साठा येणार, आणि विद्यापीठानं आणखी दोन वॉर्डांत ही गोळी द्यायला मंजुरी दिली होती. तिथल्या बायकांना खिडकीशी नेणारं कुणी नसणार.

मी मनाशी ठरवलं, या प्रकरणाचा सोक्षमोक्ष लागल्याशिवाय हिच्या हातात बेडी पडणार नाही.

चोरीत लबाडीचा हेतू लागतो. तिचा नव्हता. मग कोणाचा होता? एवढा हुशार वैद्य डोळ्यांसमोरची कावीळ का बघत नाही? त्याला त्या गोळीत काय मिळत होतं? ते म्हणाले होते, काहीच नाही.

मी तिरुवल्लिकेणीला मास्तरांच्या घरी गेलो. हेही तंजावरचेच, आमच्याच समाजातले. कपाळावर गोपीचंदन, खांद्यावर उपरणं, घर लहान आणि स्वच्छ. कारखान्याच्या मालकाच्या घरात मला तरी मालकीची काही खूण दिसली नाही. पंखासुद्धा नव्हता. मी विचारत गेलो आणि ते मुलांना पाठ म्हणून दाखवावा तसे सांगत गेले. कारखाना माझा. भांडवल माझं. डाक्टरांचा संबंध नाही. त्यांना गोळीत काय घालतात ते सांगता येईना, पण 'कारखाना माझा' हे एक वाक्य त्यांनी दगडावरच्या रेघेसारखं धरून ठेवलं होतं. कंपनीच्या कागदांवरही त्यांचंच नाव होतं, ते मी आधीच पाहून आलो होतो. मी उठलो तेव्हा न विचारताच ते पुन्हा म्हणाले, कारखाना माझा. पण पाठांतराचा संशय कोर्टात दाखल करता येत नाही.

डेप्युटी कमिशनर साहेबांनी मला बोलावून घेतलं. प्राध्यापकांनी वरूनही शब्द टाकला होता. "कबुली आहे, साक्षीदार आहेत, मग घोडं अडलंय कुठे?" त्यांनी विचारलं.

"पूजेची सुट्टी होऊ द्या, सर. कोर्ट उघडलं की कागद तुमच्या टेबलावर असतील."

साहेबांनी मान हलवली. मला तेवढीच मुदत होती.

इकडे महाराष्ट्रात दसऱ्याला हत्यारं पुजतात. तिथे आदल्या दिवशी, नवमीला, आयुधपूजा असते. मद्रासमध्ये त्या दिवशी कुठलंही यंत्र चालत नाही. रिक्षावाला रिक्षा पुजतो, शिंपी मशीन पुजतो, सुतार करवत पुजतो. ठाण्यातही पूजा होते. बंदुका पुसून ओळीनं लावतात, लाठ्या, बेड्या, रायटरचं पेन, जीप, सगळ्यांना चंदन आणि कुंकू लागतं. फाटकात कुंकू भरलेला कोहळा फोडतात आणि शेवटी चुरमुरे, गूळ आणि हरभऱ्याची उसळ वाटतात. त्या दिवशी कोठडीतल्या चोरालाही प्रसाद मिळतो.

आमच्या ठाण्यावर पूजेला येत ते आचार्य माझ्या घरचेही पुरोहित होते. त्या दिवशी त्यांची धांदल चालली होती.

"राव, बसा लवकर. तुमच्याच गोत्रानें संकल्प करतों नेहमीसारखा. मज अजून वेलचेरीस जावें लागतें."

"वेलचेरीस काय?"

"गोळ्यांचा कारखाना हो. तेथली पूजा मोठी असते. डाक्टर सपत्नीक बसतात. त्यांच्या मातोश्रीही येतात."

मी पाटावर बसता बसता थांबलो. "डॉक्टर बसतात? कारखाना तर मास्तरांचा."

"मास्तर घंटा वाजवतात."

"मग संकल्प कोणाच्या गोत्रानं?"

आचार्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मला वेड लागलं आहे. "हें काय विचारणें? ज्याचें यंत्र त्याच्या गोत्रानें. दुसऱ्याच्या नावें केली तर पुण्य दुसऱ्यास जाईल कीं! पहिल्या वर्षापासून डाक्टरांच्याच नावें करतों."

पूजा मी कशी आटोपली मला आठवत नाही. आचार्यांना म्हणालो, बसचं कशाला बघता, जीप आहे. ते खूश झाले. सैदापेट मागे टाकून आम्ही वेलचेरीच्या रस्त्याला लागलो. तेव्हा तिथे तळं, भातखाचरं आणि बगळेच होते. खाचरांच्या कडेला पत्र्याची एक शेड दिसली. दाराला केळीचे खुंट बांधले होते आणि आत गोळ्या पाडायची यंत्रं फुलांनी झाकली होती. आयुधपूजेच्या दिवशी आलेल्याला कुणी परत पाठवत नाही. मी चपला काढून मागे कामगारांत उभा राहिलो.

पाटावर प्राध्यापक बसले होते, उघड्या अंगानं, खांद्यावर शालजोडी. शेजारी नऊवारीतल्या त्यांच्या पत्नी. खुर्चीवर त्यांची वृद्ध आई. मास्तर कोपऱ्यात घंटा घेऊन उभे. आचार्यांनी संकल्प सुरू केला. कौशिक गोत्र, प्राध्यापकांचं नक्षत्र, प्राध्यापकांचं नाव, सहकुटुंबाचं क्षेम, व्यापाराची वृद्धी. स्पष्ट, खणखणीत, शेडमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

त्याच वेळी प्राध्यापकांची नजर वर आली आणि माझ्यावर पडली. हातात अक्षता होत्या. त्यांचा चेहरा पडला, पण करणार काय? संकल्प चालू असताना उठता येत नाही. ते बसून राहिले, आचार्य म्हणत गेले आणि त्यांना एकेक शब्दावर मान तुकवावी लागली. खोटं सांगायला त्यांनी कागद निवडला होता, पोलीस निवडला होता, विद्यापीठ निवडलं होतं. देवीपुढे मात्र दुसऱ्याचं गोत्र सांगायला त्यांचं मन झालं नव्हतं. आमच्यातल्या कुणाचंच झालं नसतं, म्हणूनच त्यांना त्यात काही धोका आहे हे सुचलंही नसावं.

आरतीनंतर ते लगेच आईला आणि पत्नीला घेऊन निघून गेले. मी मास्तरांना शेडच्या सावलीत बसवलं. हाती प्रसादाची पुडी होती, ती उघडून दोघांमध्ये ठेवली.

"मास्तर, तुमचं गोत्र कोणतं?"

"भारद्वाज," ते म्हणाले, आणि तिथेच त्यांना समजलं.

मी आवाज चढवला नाही. अशा माणसावर ओरडलं की तो पाठ केलेलं वाक्य पुन्हा म्हणतो. मी नुसतं विचारलं, "कारखाना तुमचा, मग देवीला आज खोटं सांगितलं का?"

"अय्यो, देवीस कसें खोटें सांगूं?" मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "सरकारास सांगितलें. तुम्हांस सांगितलें. तिच्यापुढें घंटा वाजवली फक्त."

मग सगळं बाहेर पडलं. त्यांची बायको मरणाच्या दारात असताना प्राध्यापकांनी तिला वाचवलं होतं आणि फी म्हणून काही घेतलं नव्हतं. पुढे प्राध्यापक म्हणाले, मास्तर, मला फक्त तुमचं नाव हवं. चाचणी घेणाऱ्याचाच कारखाना असला तर विद्यापीठ परवानगी देणार नाही. प्राध्यापकांनी स्वतःच्या पत्नीचे दागिने विकून यंत्रं आणली होती. चाचणीचा निकाल चांगला लागला की मुंबईची एक मोठी कंपनी हा कारखाना विकत घेणार होती, आणि तसं बोलणं पक्कं झालं होतं.

"माझ्याजवळ त्यांस द्यायला दुसरें काय होतें, सांगा?" मास्तर म्हणाले. "नाव होतें, तें दिलें."

मला त्यांचा राग आला नाही. माझ्या वडिलांचा दमा मला आठवला. प्राध्यापकांनी माझ्याकडेही नावच मागितलं असतं, तर मी काय उत्तर दिलं असतं कुणास ठाऊक.

उठता उठता मास्तर म्हणाले, "आणखी एक सांगतों. डाक्टरांस वाईट समजूं नका. त्यांचा या गोळीवर फार विश्वास. गुडघ्यांसाठीं स्वतःच्या आईस रोज देतात."

शेडमध्ये समयांच्या आणि कापराच्या उजेडात मी त्या म्हातारीला पाहिलं होतं. त्या उजेडात सगळ्यांचेच डोळे पिवळे दिसत होते.

दसऱ्याच्या सकाळी मी आधी डेप्युटी कमिशनर साहेबांच्या बंगल्यावर गेलो. सगळी हकिगत सांगितली आणि म्हणालो, "सर, एक गोष्ट आधीच सांगतो. प्राध्यापक माझ्या समाजातले आहेत, आमचे पुरोहित एक आहेत आणि माझ्या वडिलांवर त्यांचे उपकार आहेत. तपास दुसऱ्याकडे द्यायचा असेल तर द्या."

साहेब हसले. "अरे, हे कोण सांगत बसतं?"

"तेच तर, सर. त्यांनी सांगितलं असतं तर ही केसच झाली नसती."

साहेबांचं हसू मावळलं. "तूच जा," ते म्हणाले.

मी लेडी डॉक्टरला बरोबर घेतलं. आरोपीला फिर्यादीच्या घरी नेणं कुठल्या नियमात बसतं ते मला विचारू नका. प्राध्यापकांच्या घरी पुढच्या ओसरीत झोपाळ्यावर त्यांची आई बसली होती. सकाळचं ऊन पायरीपर्यंत आलं होतं. आत कोलूच्या, म्हणजे नवरात्रात तिकडे मांडतात त्या बाहुल्या, पायऱ्यांवर मांडलेल्या दिसत होत्या.

"कोण रे तूं? कालही आला होतास कीं," म्हातारी म्हणाली. मी वडिलांचं नाव सांगितलं. ती खुलली. "म्हणजे आपलाच! बस. हें पाहा, मी आतां बसतें, उठतें. माझ्या लेकाची गोळी आहे. अन्नावर मात्र वासना नाही अलीकडे."

प्राध्यापक बाहेर आले. लेडी डॉक्टरला बघून त्यांचा चेहरा लाल झाला. ते काही बोलणार एवढ्यात मी म्हणालो, "साहेब, कारखान्याचं मी नंतर विचारीन. मास्तरांनी सगळं सांगितलंय. आधी आईंना एकदा उजेडात बघा."

"माझ्या आईस मी रोज पाहतों."

लेडी डॉक्टर खाली वाकली. "पाट्टी," ती तमिळमध्ये आजीला म्हणाली, "तोंड जरा उन्हाकडे करा हं." तिनं खालची पापणी हलकेच ओढली आणि स्वतः बाजूला झाली, त्यांना दिसावं म्हणून.

प्राध्यापक पुढे आले. कितीतरी वेळ ते वाकून बघत राहिले. मद्रासमधला सगळ्यांत मोठा वैद्य होता तो. कावीळ कशी असते हे त्यांनी हजारो विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. मी त्यांचा चेहरा बघत होतो. आयुष्यात मी अनेक गुन्हेगार मोडताना पाहिले, पण असा चेहरा पुन्हा पाहिला नाही.

"रोज सकाळीं हिच्या पायां पडून बाहेर जातों," ते म्हणाले. "रोज हिचा चेहरा पाहतों, राव. देवाशपथ, मज दिसलें नाही."

मला ते खरं वाटलं. आजही वाटतं. त्यांना दिसत होतं आणि दिसत नव्हतं.

"काय झालें रे?" म्हातारी विचारू लागली. लेडी डॉक्टर सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आधी गोळी थांबवू या."

हेच वाक्य ती त्यांना वॉर्डात सांगत आली होती. या वेळी त्यांनी मान हलवली.

त्याच दिवशी प्राध्यापकांनी लेखी जबाब दिला, कारखाना आपला असल्याचं कबूल केलं आणि चोरीची फिर्याद मागे घेतली. गैरसमजातून झालेली फिर्याद म्हणून मी कोर्टाला अहवाल पाठवला. चाचणी घेणाऱ्याचा त्या औषधात पैसा गुंतलेला असणं हा स्वतंत्र गुन्हा म्हणून मला कुठल्या कायद्यात सापडला नाही. फसवणुकीचं कलम लावून पाहिलं, सरकारी वकिलांनी ते टिकणार नाही म्हणून परत पाठवलं. मी पुन्हा पाठवलं, ते पुन्हा परत आलं. त्याचा राग अजून गेलेला नाही. विद्यापीठानं चौकशी केली, चाचणी बंद झाली, आणि प्राध्यापकांनी राजीनामा देऊन तंजावर गाठलं.

घरी पाठवलेल्या बायकांना शोधून काढायचं काम मात्र कुणी सांगितलं नव्हतं, ते मी स्वतःकडे घेतलं. चौकीतल्या शिपायाला रिक्षावाले आठवत होते. त्यांच्या मदतीनं एकेकीला इस्पितळात परत आणलं. दोघी आम्हाला सापडण्याआधीच गेल्या होत्या. प्राध्यापकांच्या आईला लेडी डॉक्टरनंच बरं केलं. म्हातारी तिला आशीर्वाद द्यायची आणि लगेच कुरकुरायची की लेकाची चांगली गोळी कुणा मेल्या पोलिसानं बंद केली. फुलवालीही वाचली. तिची बोटं पुन्हा आखडली आणि गजरे तिची मुलगी गुंफू लागली. देवळाजवळून मी गेलो की ती मला हाक मारून शिव्या घालत असे. मी उभा राहून ऐकून घेत असे. शिव्या देण्याइतकी ती जिवंत आहे, याचा मला आनंद होता.

या केसनं मला शिकवलं ते एवढंच. लबाड माणूस पकडायला सोपा असतो, कारण आपण लबाडी करतोय हे त्याला ठाऊक असतं. अवघड असतो तो चांगला माणूस. त्याची गरज गुपचूप त्याच्या डोळ्यांवर बसते, आणि तो शपथेवर सांगतो की मला स्वच्छ दिसतंय. म्हणून पुढच्या नोकरीत मी प्रत्येक फिर्यादीला, साक्षीदाराला आणि स्वतःलाही एक प्रश्न न चुकता विचारत आलो. यात तुझं काय आहे?

पुढच्या नवरात्रात आचार्य ठाण्यावर पूजेला आले. बंदुका ओळीनं लावल्या होत्या, जीपला हार घातला होता. मी पाटावर बसलो. "तुमच्याच गोत्रानें करतों, नेहमीसारखा," म्हणत त्यांनी पळी उचलली.

"थांबा, आचार्य," मी म्हणालो. "यातलं एकही हत्यार माझं नाही."

"मग कोणाच्या नावें करूं?"

मी फाटकाकडे पाहिलं. प्रसादासाठी लोक जमले होते. रिक्षावाले, हमाल, कडेवर मुलं घेतलेल्या बायका.

"त्यांच्या," मी म्हणालो.